झुंबरबाईचं तोंड

धुळ्याच्या पाचव्या गल्लीतल्या ज्योत्स्ना स्टुडिओत लीलाधर सोळाव्या वर्षी कामाला लागला. अठ्ठ्याण्णव साली स्टुडिओत संगणक आला तेव्हा त्याचे केस पिकले होते. मधली तीस वर्षं त्याने लोकांची तोंडं सुधारण्यात घालवली. काचेखाली दिवा लावायचा, त्यावर निगेटिव्ह ठेवायची आणि टोकदार शिसपेन्सिलीने देवीचे वण भरायचे, डोळ्यांखालचं काळं उजळायचं, लग्नाच्या मुलीच्या हनुवटीवरची खूण मिटवायची. साऱ्या जिल्ह्यातल्या स्थळांच्या फोटोंवर त्याचा हात फिरलेला होता. मालक पारसमल म्हणायचा, लीलाधरभाऊ नसते तर निम्म्या धुळ्याची लग्नं अडली असती.

संगणक आला तेव्हा पारसमलला वाटलं, आता नाशिकहून कुणी शिकलेला मुलगा आणावा लागणार. पण लीलाधर दुपारची जेवणं झाली की त्या यंत्रापुढे बसायचा. इंग्रजी त्याला नीट वाचता येत नव्हतं, तरी कोणत्या चित्रावर टिचकी मारली की काय होतं हे तो वहीत लिहून ठेवी. तीन महिन्यांत तो असा तयार झाला की फाटलेल्या फोटोतला आजोबांचा गेलेला खांदा तो दुसऱ्या खांद्यावरून बसवून द्यायचा.

त्या दिवाळीनंतर एक तिशीतला शेतकरी आला. साक्री रोडच्या फाट्यावर उतरून चार किलोमीटर आत त्याचं गाव. गावाचं नाव इथे नको, त्याचं नाव सुकदेव. त्याच्याकडे एका लग्नातला फोटो होता. नवरदेवामागे पाच-सात बायका उभ्या होत्या, त्यातल्या एका म्हातारीवर त्याने बोट ठेवलं. गावच्या जत्रेत नाटक आहे, त्यात डाकीण दाखवायची आहे, या बाईचं तोंड तसं करून द्या, असं त्याने सांगितलं. बाई कोण, असं लीलाधरने विचारलं. घरचीच आहे, तिला ठाऊक आहे, असं सुकदेव म्हणाला.

लीलाधरला हे काम फार आवडलं. खरं सांगायचं तर तीस वर्षांत एवढी मजा त्याला आली नव्हती. जे जन्मभर झाकलं तेच आता उकरायचं होतं. सुरकुती कुठून निघते, कातडी कुठे सैल पडते, डोळ्याची खोबण किती खोल असते, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? त्याने म्हातारीचे गाल आत ओढले, बुबुळं पुसून पांढरी केली, कातडीला शेवाळासारखा हिरवट रंग दिला. कुत्र्याच्या एका जुन्या फोटोतले सुळे घेऊन ओठांबाहेर काढले. सुकदेव मागे स्टुलावर बसून सांगत होता, दात आणखी लांब, केस आणखी मोकळे. नाटकवाला माणूस हौशी दिसतोय, असं लीलाधरला वाटलं. शेवटी चित्र पूर्ण झालं तेव्हा सुकदेव हसला नाही. त्याने उपरण्याने डोळे पुसले. पडद्याकडे बघून बघून डोळ्यांत पाणी येतंच, म्हणून लीलाधरने तिकडे लक्ष दिलं नाही. चकचकीत कागदावर प्रत काढली, रिवाजाप्रमाणे पाठीवर स्टुडिओचा शिक्का मारला आणि दिली.

महिनाभराने, एका सोमवारी, अकराच्या सुमाराला एक म्हातारी स्टुडिओत आली. उंच, काटक, दात मशेरीने काळे झालेले. तिने पिशवीतून तीच प्रत काढून काउंटरवर उताणी ठेवली, मग पालथी करून शिक्क्यावर बोट ठेवलं.

“हाई तुम्हीच करं का?” तिने विचारलं.

लीलाधरने आधी कागदाकडे पाहिलं आणि मग तिच्याकडे. तीस वर्षं तोंडं बघणाऱ्या माणसाला ओळखायला वेळ लागला नाही.

तिचं नाव झुंबरबाई. सुकदेव तिच्या दिराचा मुलगा; त्याची वारलेली आई तिची सख्खी बहीण, दोघी एकाच घरात दिलेल्या. नवरा जाऊन वीस वर्षं झालेली, मूल नाही. भाद्रपदात सुकदेवची दोन वर्षांची सोनी तापाने गेली. आदल्या दिवशी झुंबरबाईने तिला मांडीवर घेऊन गूळ-शेंगदाणे खाऊ घातले होते. तेवढ्यावरून घरात कुजबूज सुरू झाली. पण कुजबूज ती कुजबूजच राहिली असती. सुकदेवने हा फोटो घरोघर दाखवला. धुळ्याच्या मशिनीत काकूचा फोटो घातला आणि आतलं खरं तोंड बाहेर आलं, असं त्याने लोकांना सांगितलं. शेवटी तो मारुतीच्या पारावरच्या लिंबाला ठोकला. आता तिला हापशावर कुणी येऊ देत नव्हतं. ती मळ्यातल्या पाटाचं पाणी पीत होती. पोरं तिला बघून पळत. पहाटे झाडाखाली कुणी नसताना तिने तो काढून आणला होता.

हे सगळं तिने रडून सांगितलं नाही. एखाद्याने बैल हरवल्याची हकीकत सांगावी तसं सांगितलं, मधूनमधून सुकदेवला शिव्याही दिल्या. आणि मग त्याने साऱ्या गावापुढे खरं सांगावं म्हणून म्हणाली, “तुम्ही गावमा चला. बठ्ठासले सांगा.”

पारसमलने लीलाधरला आत बोलावलं. म्हणाला, गावच्या भानगडीत स्टुडिओचं नाव नको, आपण नाटकासाठी दिलं, पुढे कुणी काय केलं त्याला आपण काय करणार? बोलणं चुकीचं नव्हतं. लीलाधरने बाहेर येऊन तेच झुंबरबाईला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि गिऱ्हाइकांच्या बाकावर जाऊन बसली. पासपोर्टचे फोटो काढायला आलेली माणसं तिच्या शेजारी बसून गेली, एक नवी जोडी आली आणि गेली. ती तिथेच बसून राहिली. चार वाजता शेवटची गाडी गाठायला उठली तेव्हा लीलाधरही उठला. उद्या सकाळी येतो, असं त्याने तिला सांगितलं. आपण घाबरून हो म्हटलं की लाजेने, हे त्याला घरी गेल्यावरही ठरवता आलं नाही.

गावात पोलीस पाटील अभिमन आबा यांनी पारावर माणसं गोळा केली. लीलाधर उभा राहिला आणि जसं घडलं तसं बोलला. हे मी केलं, दात कुत्र्याचे आहेत, रंग मी भरला, बाईचा काही दोष नाही. लोकांनी शांतपणे ऐकलं. मग झुलाल नावाचा एक म्हातारा म्हणाला, भाऊ, तुम्ही तुमच्या मनाने केलं असं तुम्हाला वाटतं. पण फोटोत तर सहा बायका होत्या. त्याच एकीचं असं का झालं? लीलाधर म्हणाला, कारण सुकदेवने तिच्यावर बोट ठेवलं. झुलाल म्हणाला, तेच तर, बोट तिच्यावरच का गेलं?

फोटो खोटा बोलत नाही, असं याच लोकांना लीलाधरच्या धंद्याने पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं होतं.

आबांनी मार्ग काढला. चार माणसं धुळ्याला नेऊ, मशीन डोळ्यांनी पाहू. सुकदेवनेही यायचं, झुंबरबाईनेही यायचं.

गुरुवारी सगळे आले. पारसमल नाराज होता, तरी त्याने सगळ्यांना चहा सांगितला. कुणाचा फोटो घ्यायचा, असा प्रश्न आला तेव्हा चौघेही इकडेतिकडे बघू लागले. आबांनी खिशातून आपलं जुनं ओळखपत्र काढून दिलं. म्हणाले, घ्या, करा माझा राक्षस.

लीलाधरने दीड तास काम केलं. प्रत्येक वेळी काय करतोय ते सांगत गेला. आबांच्या मिशा झडल्या, कपाळ फुगलं, डोळे वर चढले, ओठ कानांपर्यंत फाटले. आधी सगळे हसत होते. आबा सर्वांत मोठ्याने. मग हळूहळू हसणं थांबलं, आणि शेवटी आबा स्वतःच म्हणाले, पुरे.

झुलालने मान्य केलं, हे माणसाच्या हातचंच आहे. पण सुकदेव भिंतीला टेकून उभा होता तो हलला नाही.

“आबांचं तुम्ही मुद्दाम केलं,” तो म्हणाला. “काकूचं करताना तुम्हाला काय माहीत होतं? मी तिला रोज झोपेत तशीच बघत होतो. अगदी तशीच. तुमच्या हातून ती बाहेर आली.”

हा माणूस थाप मारत नव्हता, हे लीलाधरला तेव्हा कळलं. त्या दिवशीचे पाणावलेले डोळे त्याला आठवले. याने फसवायला फोटो केला नव्हता. स्वतःला जे दिसत होतं ते इतरांनाही दिसावं, एवढंच याला हवं होतं. अशा माणसाला मशीन दाखवून काय उपयोग?

तरी त्याने जुनं काम उघडलं. ते त्याने पुसलेलं नव्हतं. असं चित्र एकाच कागदावर नसतं. तेलकागदाचे तुकडे एकावर एक ठेवावेत तसे त्याचे थर असतात, आणि प्रत्येक थराशेजारी डोळ्याचं बारीक चित्र असतं. त्या डोळ्यावर टिचकी मारली की तो थर दिसेनासा होतो. पडदाभर डाकीण आली तेव्हा बाकीचे मागे सरकले. झुंबरबाई मात्र पुढे झाली.

“सुकदेव, इथे ये,” लीलाधर म्हणाला. “हे तू सांगितलेले दात.”

त्याने टिचकी मारली. सुळे गेले. मग मोकळे केस गेले आणि डोक्यावरचा पदर परत आला. हिरवा रंग गेला. पांढरे डोळे गेले आणि खाली लग्नाच्या गर्दीत बारीक केलेले, उन्हाने मिचमिचणारे डोळे निघाले. शेवटी ओढलेले गाल भरले. पडद्यावर एक म्हातारी राहिली. नवरदेवाकडे कौतुकाने बघणारी, तोंड किंचित उघडं.

सुकदेव भिंतीपासून पुढे आला. मग त्याने पडद्याला बोट लावलं, नाकापाशी.

“सोनीनं नाक असंच व्हतं,” तो म्हणाला.

झुंबरबाई म्हणाली, “तुनी मायनंबी असंच व्हतं.”

सुकदेव बाहेर जाऊन पायरीवर बसला. आबांनी त्याला बराच वेळ उठवलं नाही. सोनीचा एकही फोटो नव्हता, हे आबांनी नंतर लीलाधरला सांगितलं. लहान पोराचा फोटो काढला की दृष्ट लागते म्हणून घरच्यांनी काढू दिला नव्हता.

निघताना झुंबरबाई मागे थांबली. पडद्यावरच्या आपल्या तोंडाकडे तिने बोट केलं आणि याची एक प्रत द्या म्हणाली. लीलाधरचा हात सवयीने सुरकुत्यांकडे गेला, आणि मग थबकला. असू द्यायच्या का, त्याने विचारलं. हा वेडा की काय, असं झुंबरबाईने त्याच्याकडे पाहिलं. काढा की, ती म्हणाली, आणि कपाळ जरा उजळ करा, आणि नाकात नथ घालता येत असेल तर घाला. लीलाधरने सगळं केलं. नथ घालायला अर्धा तास लागला.

गाव एका दिवसात बदललं नाही. आबांची सून पहिले काही दिवस झुंबरबाईबरोबर हापशावर जायची, मग तिची गरज उरली नाही. दोन घरांनी मात्र तिच्या हातचं शेवटपर्यंत घेतलं नाही. सुकदेवने कधी माफी मागितली नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याच्या बायकोने खापरावरची पुरणपोळी पाठवली, हे झुंबरबाईनेच लीलाधरला सांगितलं. बाजारासाठी धुळ्याला आली की ती स्टुडिओत डोकावायची, पाणी प्यायची आणि जायची. पोळी कशी होती, असं त्याने विचारलं, तर म्हणाली, जाड होती.

लीलाधर मात्र त्यानंतर फोटो हातात घेतला की विचारू लागला. हा कोण, त्याला माहीत आहे का, कशाला हवंय. पारसमलला ते आवडत नसे, गिऱ्हाईक वैतागतं, असं तो म्हणे. वैतागतही असेल. पण लीलाधरने ते सोडलं नाही. भुताचं काम मात्र त्याने बंद केलं नाही, कारण ते त्याला जमत होतं, आणि लोक मागतही होते. नाटकं, शाळेची स्नेहसंमेलनं, जत्रेतले तंबू. फक्त एक केलं. जो कुणी भूत मागायला येई त्याच्यासाठी तो ड्रॉवरमधून आपलाच पासपोर्ट फोटो काढी.

दोन वर्षांनी चैत्रात एकवीरा देवीच्या यात्रेत तो बायको सुगंधाबाईंबरोबर हिंडत होता. भूतबंगल्याच्या तंबूवर पुरुषभर उंचीचं एक तोंड टांगलेलं होतं, कवटी अर्धी उघडी, डोळ्यांतून किडे निघालेले. लोक तिकिटाच्या रांगेत उभे राहून त्याला बोटं दाखवत होते. सुगंधाबाई जरा थांबल्या, मान वाकडी करून त्यांनी ते वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“कान तुमचेच आहेत,” त्या म्हणाल्या, आणि बांगड्यांच्या दुकानाकडे वळल्या.