शिंक आली की हात कुठे जातो?

भोंगेरावांचं खरं नाव बाजारात कुणालाच आठवत नव्हतं, आणि त्यावाचून कुणाचं काही अडतही नव्हतं. फुलांच्या घाऊक बाजारात ते लिलाव पुकारायचे. गिऱ्हाईक कुठल्याही टोकाला उभं असो, यांचा आवाज तिथवर पोचायचा. पलीकडच्या गल्लीतली तान्ही पोरं दचकून उठायची आणि त्यांच्या आया भोंगेरावांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या. मग घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं आणि श्वासासाठी गळ्याला खाली एक भोक ठेवलं. जीव वाचला. आवाज मात्र गेला तो गेलाच.

दवाखान्यानं एक बोलायचं यंत्र दिलं होतं. लहान टॉर्चएवढं. गळ्याला टेकवायचं, बटण दाबायचं, ओठ हलवायचे, की शब्द उमटतात. भोंगेरावांनी ते एकदाच वापरून पाहिलं. पत्र्याच्या डब्यात माशी अडकावी तसा आवाज निघाला, आणि ज्या माणसानं आयुष्यभर बाजार डोक्यावर घेतला त्याला आपल्याच घरात मेल्याहून मेल्यासारखं झालं. यंत्राची रवानगी टेबलाच्या खणात झाली. तेव्हापासून बायकोला बोलवायचं तर ते टाळी वाजवत. एक टाळी म्हणजे इकडे ये, दोन म्हणजे चहा. बायकोनं त्यावर चकार शब्द काढला नाही. फक्त दर रविवारी ती खणातलं यंत्र काढून चार्जिंगला लावायची आणि संध्याकाळी पुसून परत ठेवायची. हे भोंगेरावांना दिसत होतं, पण दिसत नाही असं ते दाखवत होते.

त्यांची लेक कॉम्प्युटरच्या कामातली. बाप दिवसेंदिवस भिंतीकडे बघत बसतो हे तिला बघवेना. तिनं ऑफिसातून टाकून दिलेला एक कॉम्प्युटर आणला, चपलांच्या कपाटावर ठेवला आणि त्यावर गप्पांचा सर्व्हर सुरू केला. "म्हणजे असं बघा बाबा, गप्पा मारायची जागा आपली, मशीन आपलं, घर आपलं. कुठल्या कंपनीकडे काही जात नाही. तुमच्यासारखं ऑपरेशन झालेले लोक गावोगावी आहेत. त्यांनी इथे खातं उघडायचं आणि लिहून बोलायचं. खाती कुणाला द्यायची, कुणाला नाही, ते तुम्ही बघा."

भोंगेराव नाही नाही म्हणता त्यात रमले. गप्पांच्या या कट्ट्यावर हळूहळू चाळीसेक माणसं जमली. एक भूगोलाच्या बाई होत्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, अजून सगळ्यांचं शुद्धलेखन तपासणाऱ्या. त्यांचाच आग्रह होता की नोंदणी करताना फोन नंबर, ईमेल, पत्ता काही म्हणजे काही विचारायचं नाही. गळ्याला भोक असलेला माणूस आधीच चारचौघांत रुमाल बांधून फिरतो, इथे तरी त्याला मोकळं बसू द्या, असं त्यांचं म्हणणं. ते सगळ्यांना पटलं.

सुरुवातीला दार सताड उघडं होतं. नाव टाका, पासवर्ड टाका, आत या. आणि आले की! एके सकाळी भोंगेराव उठून बघतात तर कट्ट्यावर जत्रा भरलेली. कुणी केस उगवायचं तेल विकतंय, कुणी जुगाराला बोलावतंय, कुणी गाडीच्या टायरांवर सवलत देतंय. भोक स्वच्छ कसं ठेवायचं यावर एका भल्या माणसानं मोठ्या संकोचानं प्रश्न विचारला होता, त्याच्याखाली टायरवाल्यानं तीनदा जाहिरात चिकटवलेली. तो भला माणूस जो गेला तो परत फिरकला नाही.

"ही माणसं नाहीत हो," लेक म्हणाली. "बॉट आहेत. आपोआप खाती उघडत सुटणारे प्रोग्रॅम. आता प्रत्येक अर्ज आधी तुमच्याकडे येईल असं करते. तुम्ही मंजूर केलंत तरच आत." मग थोडा विचार करून ती म्हणाली, "पण माणूस कोण, बॉट कोण, कळणार कसं? सोपं आहे. नव्या माणसाला फोन करायचा. दोन शब्द बोलला की खात्री पटली."

भोंगेरावांनी बोलण्याऐवजी लिहायला हाताशी ठेवलेली पाटी ओढून त्यावर लिहिलं, "बोलणार कोण? मी की तो?"

लेकीनं कपाळावर हात मारून घेतला. मग दोघं पोट धरून हसली, एक आवाजासकट आणि एक बिनआवाजाचा.

शेवटी युक्ती भोंगेरावांनीच काढली. नोंदणीच्या पानावर एकच प्रश्न ठेवायचा: शिंक आली की हात कुठे जातो? सगळं जग म्हणणार, नाकाकडे. पण ज्याचा श्वास गळ्यातून चालतो त्याची शिंकही गळ्यातूनच बाहेर पडते, आणि ते हाताला शिकायला महिनोन् महिने लागतात. हे फक्त आपल्यालाच ठाऊक. भूगोलाच्या बाईंनीसुद्धा "उत्तम" असा शेरा दिला. बॉटांची रीघ दारातच अडली. भोंगेराव चहा पीत पीत एकेकाला "नामंजूर" करत, आणि लिलावात हातोडा आपटावा तसं ते बटण ठणकावून दाबत. बऱ्याच दिवसांनी त्यांना आपण कामाचे आहोत असं वाटत होतं. त्या नादात ते जरा चढलेही होते, खोटं कशाला बोला.

शुक्रवारी एक अर्ज आला. नाव, क्लच. उत्तराची पहिली ओळ, "माहीत नाही." यादीत पहिलीच ओळ दिसायची, पुढचं वाचायला त्यावर बोट ठेवावं लागे. भोंगेरावांनी ठेवलं नाही. टायरवाल्याचा भाऊ दिसतोय, नामंजूर! दुपारी क्लच पुन्हा हजर, "नाकाकडे?" नामंजूर! शनिवारी सकाळी तिसऱ्यांदा, "खरंच माहीत नाही हो." भोंगेरावांनी इतक्या जोरात बटण दाबलं की चहा सांडला. तीनदा नकार मिळाला की त्या नावाला दार कायमचं बंद, असा नियम लेकीनं घालून ठेवलेला होता.

लेक त्या दिवशी घरी आली होती. चहा पुसता पुसता तिनं पडद्याकडे पाहिलं. "बाबा, हे पूर्ण वाचलंत का?"

तिनं ओळीवर बोट ठेवलं. खाली उत्तर उलगडलं.

"खरंच माहीत नाही हो. माझं ऑपरेशन सोमवारी आहे. मी गाडी चालवायला शिकवतो. आवाजाशिवाय कसं जगतात ते झालेल्या माणसाला विचारायचं होतं. डॉक्टर म्हणतात काढलं नाही तर वाचणार नाही. घरी सगळे रडतात, त्यांना काय विचारू? नाही जायचं असं मी जवळजवळ ठरवलंय. एकदा कुणाशी बोलून ठरवावं म्हटलं. तसदीबद्दल माफ करा."

भोंगेरावांनी पाटी घेतली, लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं, "याला शोध."

"कसा शोधू? आपण नंबर घेत नाही, ईमेल घेत नाही. कुठल्या गावचा, कुठल्या दवाखान्यातला, काही ठाऊक नाही. बंदी उठवते मी, पण ते त्याला कळणार कसं?"

ज्या दारावर आपण रुबाब करत बसलो होतो, तिथून एका माणसाला तीनदा हाकललं, आणि तो माफी मागून निघून गेला. भोंगेरावांना स्वतःचे कान उपटावेसे वाटले. त्याच्यापर्यंत पोचायची एकच जागा उरली होती. तो चौथ्यांदा आला, तर नोंदणीचं पान उघडणार. म्हणजे जे सांगायचं ते त्या पानावरच सांगायला हवं.

त्यांनी कीबोर्ड पुढे ओढला आणि प्रश्नाच्या वर ठळक अक्षरांत लिहिलं:

"गाडी शिकवणारे भाऊ, चूक माझी झाली. मी पुरतं वाचलं नाही. शिंक आली की हात गळ्याकडे जातो, कारण श्वास आता तिथूनच येतो-जातो. एवढंच उत्तर आहे. कुठल्याही नावानं या. वाट बघतोय. भोंगा."

"बाबा, प्रश्नाचं उत्तरच पानावर? बॉट ते वाचतात. झाडून सगळे आत येतील."

भोंगेरावांनी हातानंच सांगितलं, येऊ देत.

आणि खरंच, संध्याकाळपासून झुंबड उडाली. तेलवाले, जुगारवाले, सगळे एका सुरात "गळ्याकडे, गळ्याकडे" म्हणत दारात उभे. भूगोलाच्या बाई कट्ट्यावर कडाडल्या, "कुलपावरच किल्ली टांगून ठेवलीत! हा काय पोरखेळ आहे?" भोंगेरावांनी क्लचचं उत्तर जसंच्या तसं त्यांच्यापुढे ठेवलं. बाईंचं उत्तर आलं, "रविवार दुपारचं मी बघते. तुम्ही जेवून घ्या."

मग एकेक जण पुढे आला. एका शिंप्यानं सकाळ घेतली, एका निवृत्त पोस्टमननं त्यानंतरची वेळ घेतली. लेकीनं त्यांनाही अर्ज बघायची परवानगी देऊन टाकली. प्रत्येक अर्जदाराला बाहेरच थांबवून विचारायचं, "काय काम करता?" आणि तेल विकायला लागला की हाकलायचं. बाईंनी तर एका बॉटाला शुद्धलेखनाच्या चुका दाखवूनच हाकललं, म्हणे सवय सुटत नाही.

रविवार उताराला लागला तरी क्लचचा पत्ता नव्हता. बायकोनं यंत्र चार्जिंगला लावलं होतं, त्याचा हिरवा दिवा टेबलावर लुकलुकत होता. भोंगेराव जेवायला उठले नाहीत. ताट तिथेच आलं.

दिवेलागणीला एक अर्ज आला. नाव, हँडब्रेक. काय काम करता?

"तेच, गाडी शिकवतो. पान वाचलं. श्वास गळ्यातून, हे मला कळलंच नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं असेल. माझ्या कानात शिरलं नसेल."

भोंगेरावांनी ताट बाजूला सारलं. कट्ट्यावरचे सगळे गोळा झाले, पण एकानंही मध्ये तोंड घातलं नाही.

"विचार," भोंगेरावांनी लिहिलं.

"शिकणारा भलतीकडे गाडी घालतो तेव्हा 'ब्रेक!' म्हणून ओरडावं लागतं. ते कसं करू?"

"तुझ्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो ना?"

"असतो."

"मग ओरडतोस कशाला?"

"सवय."

"ती जाते. वर शिकणारे कमी घाबरतील."

"मी ऑपरेशननंतर दोन वर्षं वर्गात नकाशे शिकवले," बाईंनी लिहिलं. "पट्टी फळ्यावर टेकवली की वर्ग चिडीचूप. आवाज होता तेव्हा कधी झाला नव्हता."

तो विचारत गेला. दुखतं का? थोडे दिवस. जेवता येतं? शिंपी म्हणाला, माझी ढेरी बघायला ये. लोक बघतात का? बघतात, मग कंटाळतात. कुणी काही लपवलं नाही. पोहणं विसर, हेही पोस्टमननं सरळ सांगितलं. आणि मग हँडब्रेकनं विचारलं, "बायकोला हाक कशी मारता?"

हा प्रश्न नेमका भोंगेरावांना होता.

"टाळी वाजवतो," त्यांनी लिहिलं. लिहिलेलं वाचलं आणि त्यांना ते अजिबात आवडलं नाही. दुसऱ्याला धीर द्यायचा आणि स्वतः बायकोला टाळीवर बोलवायचं! मग खाली लिहिलं, "यंत्र मिळतं. आवाज डब्यासारखा येतो. मी लाजतो, म्हणून खणात टाकलंय. तू टाकू नकोस."

"बरं," हँडब्रेकनं लिहिलं. "सकाळी लवकर बोलावलंय. जातो."

"जातो नाही. येतो म्हण."

"येतो."

सोमवार गेला, आठवडाही गेला. लेकीनं पान साफ केलं आणि नोंदणीला दोन दारं केली: ज्यांचं झालंय त्यांना जुना प्रश्न, ज्यांचं व्हायचंय त्यांना प्रश्नच नाही, थेट एका माणसाशी गाठ. दुसऱ्या दाराशी आलटून पालटून सगळे बसू लागले. भोंगेराव तर आता प्रत्येक अर्ज शेवटच्या टिंबापर्यंत वाचत, आणि दर थोड्या वेळानं हँडब्रेकच्या नावापुढे, माणूस कट्ट्यावर आला की लागतो तो हिरवा ठिपका लागलाय का ते बघत. लागलेला नसे. बायको म्हणायची, "अहो, ऑपरेशन झालंय त्याचं, सहलीला नाही गेलाय." पण तीसुद्धा भाजी निवडायला कॉम्प्युटरच्या खोलीतच बसायला लागली होती.

एका सकाळी ती स्वयंपाकघरात असताना ठिपका लागला.

"आज शिंक आली," हँडब्रेकनं लिहिलं होतं. "हात नाकाकडे गेला. सगळं नर्सबाईंच्या अंगावर."

भोंगेराव खुर्चीतच गदगदा हलले. डोळे भरून आले, हसू आवरेना. त्यांनी टाळीसाठी हात उचलले आणि तसेच थांबवले. मग खण उघडला, यंत्र काढलं, गळ्याला टेकवलं आणि होती नव्हती ती सगळी बॅटरी लावून बटण दाबलं.

"अगं ए! ऐकलंस का? शिंकला तो!"

डब्यातला तो आवाज भिंतींवर आपटत स्वयंपाकघरापर्यंत गेला. तिकडे पळी हातातून पडल्याचा आवाज झाला. मग बायकोचं उत्तर आलं, जरा कापरं, पण सूर तोच जुना, बाजारातून घरी आल्या आल्या त्यांना रोज ऐकू यायचा तो:

"आले हो, आले! ओरडताय कशाला एवढं?"