जिल्ह्यात उरलेल्या दोघी

मी मिस्ट्रल २५० ही मोटरसायकल घेतली तेव्हा कंपनीने ती बनवणं बंद करून वर्ष उलटलं होतं, आणि हे मला माहीत होतं. फसवणूक झाली असती तर निदान कोणाला तरी दोष देता आला असता. मी रसायनशास्त्राची पदवीधर. पारनेरला एका खासगी माती परीक्षण प्रयोगशाळेत काम करते आणि शेतकऱ्यांना रोज सांगते की नमुना तपासल्याशिवाय काही ठरवू नका. गाडी मात्र मी फोटो पाहून घेतली.

मिस्ट्रल ही लांबच्या प्रवासाची गाडी, पण तिला शर्यतीचीही हौस होती. पुढे वारा अडवणारं भलंमोठं आवरण, मागे दोन बाजूंना दोन पेट्या, पाण्याने थंड होणारं इंजिन. ना धड पळते, ना धड ओझं वाहते, असं लोक म्हणायचे. मी त्याला समतोल म्हणायचे. पेट्यांमधून मी मातीच्या नमुन्यांच्या पिशव्या आणायचे. कान्हूर पठारावरची माती इतक्या थाटात कुठल्याच प्रयोगशाळेत गेली नसेल.

गेल्या पावसाळ्यानंतर इंजिनातलं तेल दुधाळ झालं. पाणी फिरवणाऱ्या पंपाचं सील गेलं होतं आणि पाणी तेलात शिरत होतं. चहासारखा दिसणारा तो द्राव मी प्रयोगशाळेत नेला आणि त्याचा पीएच काढला. मग खात्रीसाठी पुन्हा काढला. त्याचा काहीही उपयोग नव्हता, पण आकडा मिळाला की मला बरं वाटतं. पंप कुठेच मिळेना. नगरच्या एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याने जुगाड करून सील बसवलं, ते सुप्यापर्यंत टिकलं. पुढे गाडी टेम्पोतून घरी आली आणि आमच्या कांदा चाळीत उभी राहिली.

मार्च लागला तसं वडिलांनी सांगून टाकलं.

"कांदा काढायला आलाय. चाळ मोकळी पायजे. तवर चालू झाली तर ठीक, न्हाईतर भंगारवाल्याला सांगितलंय."

"दादा, जागा किती घेते ती? दोन गोण्यांची."

"दोन गोण्या कांदा इकता तरी येतो."

माझे वडील रंगनाथ औटी फार बोलत नाहीत, पण त्यांच्याशी वाद घालताना माझी पदवी कधी कामी आलेली नाही. कांदा चाळीत पडायच्या आत पंप मिळाला तर मिस्ट्रल वाचणार, नाहीतर तिचा पत्रा किलोवर जाणार, एवढं स्पष्ट झालं.

आमचा व्हॉट्सॲपवर 'मिस्ट्रल परिवार' नावाचा गट आहे. परिवार वेगाने आटत चालला होता. आमच्या जिल्ह्यात दोघंच उरलो होतो, मी आणि सोनईचे कल्याण दहातोंडे. त्यांचं तिथे बी-बियाणं आणि खतांचं दुकान. रोज सकाळी ते आपल्या लाल मिस्ट्रलचा फोटो टाकत आणि खाली लिहीत, 'आजची सफर सुरू'. मी अंगठा द्यायचे. मीही अधूनमधून माझ्या निळीचा जुना फोटो टाकून 'काल पठारावर' असं लिहायचे. हे खोटं नव्हतं. कोणत्या सालातला काल, तेवढं मी लिहीत नव्हते.

एकदा त्यांचे फोटो ओळीने पाहत बसले असताना एक गोष्ट लक्षात आली. पुढच्या चाकात हवा भरायचा व्हॉल्व प्रत्येक फोटोत एकाच जागी होता, घड्याळात सात वाजतात तिथे. चाललेली गाडी उभी राहते तेव्हा व्हॉल्व कुठेही थांबू शकतो. तो रोज सातवरच थांबत असेल तर एकतर दहातोंडे असामान्य चालक होते, किंवा त्यांचं चाक फिरतच नव्हतं. मला फार वाईट वाटलं. ते वाईट वाटून पुरतं संपायच्या आतच मनात आलं, मग यांचा पंप शिल्लक असेल.

मी लिहिलं, 'भाऊ, तुमच्या लालीला एकदा भेटायला यायचंय.'

लगेच उत्तर आलं, 'या की ताई. आमीच तुमच्याकडं निघणार हुतो.'

हा जिव्हाळा माझ्या गोड स्वभावामुळे आहे, असं मी समजले.

रविवारी एसटीने निघाले. पाठीवरच्या पिशवीत पान्यांचा संच, स्क्रू ड्रायव्हर आणि वर त्यांच्यासाठी पेढे. नगरहून पुढची गाडी शनिशिंगणापूरला जाणाऱ्यांनी भरलेली होती. शेजारच्या आजींच्या पायावर माझी पिशवी टेकली तशी त्यांनी ती चाचपून पाहिली.

"एवढं लोखंड? लई मोठा नवस दिसतोय."

"व्हय," मी म्हटलं. सविस्तर खुलासा करण्यात काही अर्थ नव्हता.

दहातोंड्यांच्या दारात त्यांची बायको जया उभी होती. माझ्या पिशवीचा खणखणाट ऐकून तिने नवऱ्याला हाक मारली, "अहो, आल्या तुमच्या भावकीतल्या."

कल्याण भाऊ चाळिशीचे, इस्त्रीचा शर्ट, बोलायला मऊ. लाली दुकानामागच्या गोदामात, पोत्यांच्या रांगेपुढे उभी होती. इतकी स्वच्छ मिस्ट्रल मी कंपनीच्या जाहिरातीतही पाहिली नव्हती. पुढचा टायर मात्र खालून चपटा पडला होता.

"काल कुठं गेला होता सफरीला?" मी विचारलं.

"ह्येच आपलं, घोडेगावपर्यंत."

"चाक न फिरवता?" आणि मी व्हॉल्वचं सांगितलं. सांगताना आवाजात जो विजय होता तो आता आठवला की लाज वाटते.

कल्याण भाऊंनी खिशातून फोन काढला. मग म्हणाले, "ताई, तुमच्या परवाच्या फोटोत मागं किलोमीटरचा दगड हाय. त्यावर 'अहमदनगर' लिवलंय. तिथं आता 'अहिल्यानगर' रंगवलंय. मी मुद्दाम जाऊन बघून आलो."

"गाडीवर?"

"स्कूटीवर."

जया दारात हसू दाबत उभी होती.

आम्ही पोत्यांवर बसलो आणि दोघांनीही खरं सांगितलं. लालीचं इंजिन उत्तम होतं, पण ठिणगी कधी पडायची हे ठरवणारी सीडीआयची काळी डबी जळाली होती आणि तीही कुठे मिळत नव्हती. माझ्याकडे डबी होती, पंप नव्हता. त्यांच्याकडे पंप होता, डबी नव्हती. पुढच्या रविवारी ते पारनेरला येणार होते. पिशवी भरून ठेवली होती. त्यांनीही पेढेच घ्यायचं ठरवलं होतं.

"निळीचा तसा आता उपयोग काय तुमाला?" ते हळूच म्हणाले.

"लालीचा तुम्हाला काय?"

"आमी लई जपलंय तिला."

"मी काय फेकून दिलंय?"

"म्हंजे दोन्हीकडं नवरदेवाकडचीच मान्सं," जया म्हणाली. "दोघांनाबी न्यायचंच हाय, द्यायला कुणीच बसलं न्हाई. ताई, मी सांगते, पंप न्या, चाकं न्या, आख्खी न्या. पोतं मी देते."

"तू चहाचं बघ," कल्याण भाऊ म्हणाले.

"बघितला. उकळून उकळून त्याची बासुंदी व्हायला आली."

चहा घेता घेता मी सवयीने लालीची तेल बघायची कांडी ओढली. तेल मधासारखं होतं. दोन बोटांत चोळलं, कचकच नाही, पाण्याचा अंश नाही. त्या तेलाकडे बघताना मला एक गोष्ट नीट कळली. माझ्या इंजिनात कित्येक महिने पाणी मिसळलेलं तेल पडून होतं. आतल्या बेअरिंगला गंज चढला असणारच. पंप बसवला तरी निळी किती चालली असती? हे मला पारनेरमध्येही माहीत होतं. पाण्याने पोलादाचं काय होतं हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवलेले आहेत. तरीही मी पान्यांचा संच घेऊन एक धडधाकट इंजिन निकामी करायला जिल्हा ओलांडून आले होते.

कल्याण भाऊंना माझा चेहरा बघून वेगळंच वाटलं असावं. ते उठले, पान्यांच्या पिशवीकडे पाहत म्हणाले, "न्या पंप. माजी तशीबी उभीच हाय. निदान तुमची तरी चालंल."

"नको."

"आता का?"

"चालणार नाही ती, भाऊ. तुमची चालेल." मी कांडी पुसून परत खोचली. "डबी मी देते. आणि नुसती डबी कशाला, निळीच घेऊन या. पुढे लालीला काचा लागतील, तारा लागतील."

"तुमाला?"

"मला अधूनमधून चालवायला द्या."

त्यांनी लगेच हो म्हटलं नाही. विचार केला. त्यावरून मला त्यांच्याबद्दल आदर वाटला. "महिन्यातून एकदा," ते म्हणाले.

"दोनदा."

"पावसात न्हाई."

"कबूल."

पुढच्या आठवड्यात त्यांनी पिकअप पाठवली. निळी चढवायला वडीलही आले. मागची बाजू उचलता उचलता त्यांनी विचारलं, "कुठं चालली?"

"सोनईला."

"पार सोनईला? जवळपास कुणी न्हवतं का?" एवढं बोलून ते थांबले आणि मग दोरी जरा जास्तच घट्ट बांधायला लागले. मला काय वाटत होतं ते लिहिण्यासारखं नाही. कांद्याच्या पहिल्या गोण्या संध्याकाळी आत आल्या.

डबी मी स्वतः बसवली. मी सोनईला पोचले तेव्हा गोदामात लालीशेजारी निळी उभी होती आणि जया खताची पोती अंगणात काढून ठेवत होती.

"एक जाईल म्हनून पेढे खाल्ले मी," ती म्हणाली. "दोन झाल्या."

नवा टायर घातला होता. स्विच दाबल्यावर लाली दोनदा कण्हली आणि सुरू झाली. कल्याण भाऊ शर्टाच्या बाहीने टाकी पुसत राहिले. पहिली फेरी त्यांनीच मारली. परत आले ते कोपरापर्यंत घामेजलेले.

"कशी आहे?" मी विचारलं.

"चांगली हाय," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, "जड हाय हो. आन मांडीला लई गरम लागतं."

"हो ना," मी म्हटलं. "माझीही लागायची."

हे आम्ही दोघांनीही गटावर कधी लिहिलेलं नाही.

मग त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. मी बसले. हँडल माझ्यासाठी जरा लांब होतं, आरशांत मला गोदामाचं छप्पर दिसत होतं.

"घोडेगाव रोडनं जा आन या. खड्डे बघून," कल्याण भाऊ इंजिनाच्या आवाजावरून ओरडले. "गियर हळू टाका. आन ताई, आरशांना तेवढा हात लावू नका, मी माझ्या मापाचे लावलेत."

मी मान डोलावली. डावा आरसा तोवर फिरवून झाला होता. उजवा मी वळणापलीकडे गेल्यावर फिरवला.