माझ्या अंगणातलं गाऱ्हाणं

आमच्या जयगडच्या वाडीत शिमग्याला देवाची पालखी घरोघर फिरते, आणि प्रत्येक अंगणात त्या घरचं गाऱ्हाणं मी घालत आलो. चाळीस वर्षं. मी एकेक मागणं बोलायचं आणि लोकांनी "व्हय महाराजा" म्हणायचं. त्याशिवाय गाऱ्हाणं देवाला पोचत नाही. माझा आवाज खाडीपलीकडे जातो, असं माझी बायको गंगा म्हणायची. ती जाऊन तीन वर्षं झाली.

माघात माझी थायरॉइडची गाठ काढली. कॅन्सरची होती. डॉक्टर म्हणाले, सगळी निघाली, आवाज येईल सहा महिन्यांत. येईल तेव्हा येईल. सध्या घशातून नुसती हवा येते. सकाळी उपाशीपोटी गोळी, मग अर्धा तास चहा नाही. घड्याळाकडे बघत बसायचं, दुसरं आहे कोण बघायला? शेजारची जनी भाकरी आणून देते आणि माझ्याशी हातवारे करून बोलते. अगो, मी बहिरा नाही झालो.

मुलगा विनीत मुंबईला. त्याची सगळी रजा माझ्या ऑपरेशनात गेली, म्हणून यंदा शिमग्याला आला नाही. त्याला दोष कसा देऊ? पण फोनवर तो म्हणतो, "बाबा, तुम्ही बोलू नका, घशाला ताण पडेल," आणि ठेवून देतो. ज्याचं जळतं त्याला कळतं. दिवसभर कोणाशी बोलायचंच नाही, तर आवाज यायचा कुठून?

वाडीने गाऱ्हाण्याला केरूचा अजिंक्य उभा केला. मी त्याला सगळ्या घरांचं मागणं कागदावर लिहून दिलं. कोणाला मूल हवं, कोणाला नोकरी, कोणाची होडी नीट परत यायला हवी. माझ्या घरचं लिहिलं नाही. म्हटलं, ते मी घालणार. आजवर माझ्या अंगणात मी "वाडीचं भलं कर" एवढंच म्हणायचो, स्वतःसाठी मागायची लाज वाटायची. यंदा मागायचं होतं. आठ दिवस स्वयंपाकघरात पुटपुटत तालीम केली.

पालखी आली. ढोल थांबले. गळ्यावरचा व्रण झाकायला मफलर गुंडाळून, हातात नारळ घेऊन मी उभा राहिलो.

"हे महाराजा, वाडीचं भलं कर."

ऐकू कोणाला गेलं नसेल, पण लोकांना माझं मागणं पाठ होतं. सगळे एकदम म्हणाले, "व्हय महाराजा." आणि संपलं समजून ढोलावर काठी पडली.

मी पुढचं बोलतच होतो. "हे महाराजा, या घरात मला एकट्याला राहवत नाही. विनीतला माझ्याजवळ आण."

शेजारी उभ्या अजिंक्यलाही कळलं नाही. त्याने माझ्या हातून नारळ घेऊन फोडला, खोबऱ्याचा तुकडा माझ्या तळहातावर ठेवला, आणि पालखी जनीच्या अंगणात गेली.

मी पायरीवर बसलो. गाऱ्हाणं अर्धं राहिलं होतं. कोणीतरी म्हणायला हवं होतं, म्हणून मीच म्हटलं, "व्हय महाराजा."

ढोलात ते मलाही ऐकू आलं नाही.