पाळणाघराची बातमी

"बंद हा शब्द नको, मॅडम," व्यवस्थापक तिच्या खुर्चीमागे उभा राहून म्हणाला आणि तिच्या खांद्यावरून हात पुढे काढून त्यानं पडद्यावरच्या त्या शब्दावर बोट टेकवलं. काचेवर बोटाचा ठसा उमटला.

तिनं रुमालानं तो ठसा पुसला. "पाळणाघर बंदच होणार आहे ना?"

"बंद नाही. रूपांतर."

"कशात?"

"शांतिकक्षात. आरामखुर्च्या, मंद दिवे, भिंतीवरून ओघळणारं पाणी. दुपारी घटकाभर डोळे मिटले की माणूस पुन्हा ताजातवाना. कंपन्यांची कधीपासूनची मागणी होती."

"आणि मुलं?"

व्यवस्थापकानं क्षणभर विचार केला. "मुलांना आपण शेवटच्या ओळीत शुभेच्छा देऊ," तो अगदी मनापासून म्हणाला, आणि गेला.

ती तशीच बसून राहिली. एका वर्तमानपत्रात तिची निम्मी नोकरी झाली होती. ते मिटल्यावर ती या बिझनेस पार्कात आली आणि तळमजल्यावरच्या एका अरुंद खोलीत बसून 'पार्क वार्ता' लिहू लागली. कुठली नवी कंपनी कुठल्या मजल्यावर आली, कँटीनमध्ये कॉफीचं नवं यंत्र कधी बसणार, बॅडमिंटनचं कोर्ट कुणाला कधी मिळणार. हे सगळं दर आठवड्याला कंपन्यांना मेलनं जायचं आणि लिफ्टमधल्या पडद्यांवरून दिवसभर सरकत राहायचं. लोक तिला बातमीबाई म्हणत. सुरुवातीला तिला या कामाची लाज वाटली होती. मग तिनं स्वतःची समजूत घातली, की गाडी लावायला जागा न मिळणाऱ्या माणसाला पार्किंगचे पट्टे नव्यानं मारले जाणं हीसुद्धा बातमीच असते. बातमी लहान असेना का, खोटी नव्हती. आजवर तरी नव्हती.

त्यातून हे पाळणाघर तिची नणंद चालवत होती.

नणंद तिच्या नवऱ्याहून बरीच मोठी. एकटी राहायची, दोन गल्ल्या सोडून. तिच्या जिभेला हाड नव्हतं. मुलाला न्यायला उशिरा येणाऱ्या बापाला ती दारातच उभं करून झापायची, मग तो कितीही मोठा साहेब असो. पालक मागे तिला हेडमास्तरीणबाई म्हणत आणि समोर चिडीचूप असत. भावाच्या घरी आली की ती भाजी कशी चिरायची इथपासून पडद्यांच्या रंगापर्यंत सगळ्यावर बोलायची. दोघींचं आठवड्यातून एकदा तरी वाजायचं. पण तिच्या हाताखालचं एकही मूल दुपारी झोपेशिवाय राहत नाही, हे बातमीबाईनं स्वतः पाहिलेलं होतं.

आवार ओलांडून ती पाळणाघरात गेली तेव्हा मुलं जेवून झोपली होती. बुटक्या खाटा एका ओळीत, खिडकीशी दोन पाळणे. नणंद एका गुटगुटीत पोराच्या पाठीवर थोपटत खाली बसली होती.

"ताई, पाळणाघर बंद करतायत."

"हळू बोल."

"हळू काय बोल! इथे माणसांना झोपायला खुर्च्या टाकणार आहेत, खुर्च्या!"

"आत्ता कुठे या दांडगोबाचा डोळा लागलाय. हळू बोल म्हटलं ना."

मग तिनं कुजबुजत सगळं सांगितलं. राग कुजबुजत सांगायचा म्हणजे घशात काटा अडकल्यासारखं होतं. नणंदेनं ऐकलं, पोराच्या पायावर पांघरूण ओढलं आणि म्हणाली, "बरं."

"तुम्हाला कळतंय ना मी काय सांगतेय ते?"

"कळतंय की. तू जेवलीस का?"

ती तडक बाहेर आली. इतकी वर्षं दुसऱ्यांची पोरं सांभाळली आणि शेवटी या बाईच्या तोंडून एक 'बरं' निघावं! धक्क्यानं वाचाच बसली असणार, असं तिला वाटलं. मग आता आपणच बोलायला हवं.

दुपारभर ती मुलांच्या आईबापांना गाठत मजले चढत-उतरत राहिली. तिसऱ्या मजल्यावरची हिशेबनीस बाई ऐकता ऐकता लालबुंद झाली. "लाज कशी वाटत नाही यांना!" ती म्हणाली आणि तिनं हातातली फाइल टेबलावर आपटली. नकाशे बनवणाऱ्या कंपनीतला जुळ्यांचा बाप तर खुर्चीतून उठलाच. "हे चालू द्यायचं नाही, मी सांगतो तुम्हाला!" जो तो भडकत होता. एकानंही 'कधीपासून?' असं विचारलं नाही, पण ते तेव्हा तिच्या ध्यानात आलं नाही.

"मग असं करू," ती प्रत्येकाला म्हणाली. "'तुमचं मत' म्हणून सदर आहे आपलं. त्यात दोन ओळी लिहून द्या. नाव घालून, कंपनीचं नाव घालून. मी छापते."

इथे मात्र एकेकाचा आवाज खाली येत गेला.

"माझं नाव नको हं," हिशेबनीस बाईनं आपटलेली फाइल सरळ केली. "आमचे साहेब आणि हे व्यवस्थापक रोज एकत्र जेवतात. तुम्हीच लिहा ना. तुमचा हात चांगला आहे."

जुळ्यांचा बाप म्हणाला, "मी तुमच्या पाठीशी आहे."

"पाठीशी राहून काय करताय? पुढे या की!"

तो हसला. विनोद समजून हसला, की दुसरं काही सुचेना म्हणून, कुणास ठाऊक. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. व्यवस्थापक निदान तोंडावर बोलला होता. इथे सगळ्यांनी आधी मुठी आवळल्या आणि मग त्याच मुठी खिशात घातल्या.

खोलीत परतल्यावर तिनं दार लावून घेतलं आणि बातमी लिहिली. पुष्कळ वर्षांनी, पूर्वी लिहायची तशी. 'पार्कातलं पाळणाघर उद्या, महिनाअखेरीस, बंद होत आहे. तिथे प्रौढांना दुपारी झोपण्यासाठी आरामखुर्च्या ठेवण्यात येतील. मुलांची कोणतीही पर्यायी सोय व्यवस्थापनानं केलेली नाही.' पुन्हा वाचली. एक शब्द कमी करता येईना, एक वाढवता येईना. तिनं ती लिफ्टच्या सगळ्या पडद्यांवर सोडली आणि स्वतः लिफ्टमध्ये जाऊन उभी राहिली.

माणसं आत आली. माना वर झाल्या. एकानं दुसऱ्याकडे पाहिलं. "बापरे," कुणीतरी म्हणालं. मग मजला आला आणि सगळे उतरले. ती वरपर्यंत जाऊन खाली येते तोवर पडद्यावर कॉफीचं यंत्र आलं होतं.

व्यवस्थापकानं तिला बोलावून घेतलं. ती कंबर कसूनच गेली. काय काय बोलायचं ते जिन्यातच जुळवून ठेवलं होतं. पण तो ओरडला नाही. त्यानं तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला.

"तुम्ही दमला आहात, मॅडम. तुम्ही आपल्या कुटुंबातल्याच, म्हणून सांगतो, मी हे मनात ठेवणार नाही. शांतिकक्ष झाला की पहिली खुर्ची तुमची."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिव्या दिल्या असत्या तर चार शब्द सुनावता आले असते. या माणसानं तिच्या रागालाच आजारपण ठरवून टाकलं होतं. ती पाण्याला हात न लावता उठली. राजीनामा द्यायचा, हे दारापर्यंत पोहोचायच्या आत ठरलं होतं.

संध्याकाळी घराचं दार ढकलून ती आत आली, ती मोठ्या आवेशात. आधी नवऱ्याला सांगायचं, मग फोन करून नणंदेला. पण नणंद समोरच उभी होती. बैठकीच्या खोलीतला सोफा भिंतीला टेकवून उभा केलेला होता, तिचं लिहायचं टेबल स्वयंपाकघराच्या वाटेत आलं होतं, आणि नवरा मोजपट्टीचं एक टोक धरून जमिनीवर गुडघे टेकून बसला होता.

"हे काय चाललंय?"

नवऱ्यानं मोजपट्टीकडे पाहिलं. बोलली नणंदच.

"तुमची ही खोली मोठी आहे. उजेडही चांगला. पहिल्या तारखेपासून पोरं इथे येतील. धाकट्याला विचारलंय मी, तो हो म्हणालाय."

"आणि मला?"

"तुला आता सांगतेय ना."

"ताई, घर माझंही आहे! आणि कुठली पोरं? कोण पाठवणार?"

"सगळेच पाठवणार. कधीच बोलणं झालंय. व्यवस्थापकानं मागच्या महिन्यातच माझ्या कानावर घातलं होतं, गवगवा करू नका म्हणून. मी एकेका आईबापाला बाजूला घेऊन विचारलं."

ती उभ्या सोफ्याला टेकली. तिसऱ्या मजल्यावरची आपटलेली फाइल तिला आठवली. "म्हणजे आज दुपारी ते सगळे मला बनवत होते?"

"बनवत नव्हते. राग खराच होता त्यांचा. पण रागावून झाल्यावर पोरं ठेवायची कुठे, हेही त्यांना बघायचं होतं."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तू छापलं असतंस."

नवरा खाली मान घालून हसू दाबत होता. तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की ते हसू जागच्या जागी विरलं.

"मी राजीनामा देतेय उद्या," ती म्हणाली. निदान एवढं तरी तिचं स्वतःचं होतं.

"अजिबात द्यायचा नाही. दिवसभर इथे पायात पायात कशाला? पोरं घाबरतील तुझा असला चेहरा बघून." मग नणंद टेबलाच्या कडेवर बसली. तिचा आवाज उतरला. "आणि छापायचं ते छापलंसच शेवटी. खाटा, पाळणे, खेळणी, सगळं मला नेऊ देणार होता तो व्यवस्थापक. शब्द दिला होता, गाजावाजा न करता घेऊन जा म्हणून. दुपारी तुझी ती बातमी झळकली आणि संध्याकाळी म्हणतो, आता जमणार नाही, भंगारवाल्याला सांगितलंय. पोरांना काय फरशीवर निजवू?"

बातमी खरी होती. एकेक शब्द खरा होता. हे तिनं मनाशी पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं, आणि दर वेळी राग तिथल्या तिथेच राहिला. नुसता कुणावर काढायचा ते कळेना. नवऱ्यानं मोजपट्टी गुंडाळली आणि तिचं टेबल जमेल तेवढं स्वयंपाकघराच्या भिंतीला सरकवलं, म्हणजे जायला-यायला वाट राहावी.

सकाळी ती सरळ व्यवस्थापकाच्या खोलीत गेली. उभ्यानंच बोलली.

"शांतिकक्षाचं मी लिहून देते. तुम्हाला हवं तसं."

"सकारात्मक?"

"सकारात्मक."

"बघा, मी म्हटलं नव्हतं? एक झोप झाली की माणूस—"

"आतलं सामान ताईंना न्यायचंय. आज."

व्यवस्थापकानं तिच्याकडे पाहिलं. तिनं नजर हलवली नाही. तो मूर्ख नव्हता. काय देऊन काय घ्यायचं चाललंय, ते त्याला लगेच कळलं, आणि त्यात आपलं काहीच जात नाही हेही कळलं. "न्या की," तो म्हणाला. "जुनंच आहे सगळं. मात्र आधी मजकूर."

तिनं लिहायला घेतलं. पहिलं वाक्य येईपर्यंत तिचे दात इतके आवळले गेले होते की कानशिलं दुखायला लागली. पण एकदा सुरुवात झाल्यावर हात थांबेना. लहानग्यांच्या किलबिलाटानं इतकी वर्षं गजबजलेली ही वास्तू आता शांततेचं नवं रूप धारण करत आहे. बदलत्या काळाच्या गरजा ओळखणारं दूरदर्शी व्यवस्थापन. चिमुकल्यांच्या पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा. असलं गुळगुळीत तिनं उभ्या आयुष्यात लिहिलं नव्हतं, आणि ते आपल्याला इतकं सहज येतं, याचीच तिला सर्वांत जास्त चीड आली.

व्यवस्थापकाला ते फार आवडलं. काना-मात्राही न बदलता त्यानं ते सगळीकडे धाडलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत कंपन्यांकडून अभिनंदनाचे निरोप आले. एक तिसऱ्या मजल्यावरूनही होता. तिनं तो वाचला आणि मान वळवून खिडकीबाहेर पाहत राहिली.

संध्याकाळी मुलं घरी गेल्यावर टेम्पो आला. खाटा एकात एक घालून रचल्या, पाळण्यांचे दांडे सोडवून चादरीत गुंडाळले, खेळणी गोण्यांत भरली. पहारेकऱ्यानं विचारलं तेव्हा ती 'भंगार' म्हणाली. पहारेकऱ्यानं फाटक उघडलं.

घरी नवरा दार धरून उभा होता. सगळं आत आलं तेव्हा बैठकीच्या खोलीत पाय ठेवायला जागा राहिली नाही. नणंदेनं पदर खोचला आणि मोठ्या पाळण्याचे दांडे एकेक करून बसवले.

"वाचलं मी तुझं," नणंद मान वर न करता म्हणाली. "जुळ्यांच्या बापानं फोनवर पाठवलं."

बातमीबाईचा हात थांबला.

"छान लिहिलंयस. त्यात एक शब्द खरा नाही."

नणंदेनं शेवटचा दांडा खाचेत दाबला, हलवून पाहिला, आणि पाळण्याच्या एका बाजूला हात घातला.

"ती बाजू उचल. खिडकीशी नको, ऊन येईल."

तिनं ती बाजू उचलली.