कुंजन्नाचं कालवण

कुंजन्ना गेली तेव्हा कुठे उलहन्नानला उमगलं, की चाळीस वर्षांच्या संसारात आपल्याकडे एकच काम होतं, माडी आणायचं. माशाचं कालवण तिचं. त्यात त्याने कधी डोकावलंसुद्धा नव्हतं. नवऱ्यांची जातच ती, त्यांना वाटतं कालवण आपोआप होतं!

ते कालवण आदल्या दिवशी व्हायचं. मडक्यात रात्रभर मुरायचं आणि आमसुलासारख्या काळ्या कुडमपुळीचा आंबटपणा माशात उतरायचा. माडीचं उलटं. ती त्याच सकाळची हवी, दुपार कलली की आंबली. ताटावर बसलं की उलहन्नान आधी घोटभर माडी घ्यायचा, मग कालवणाचा घास, मग पुन्हा घोट. दुसरा घोट पहिल्यापेक्षा गोड लागला, की तो मान डोलवायचा. कुंजन्नाला तेवढं पुरायचं.

आता दोन वर्षं तो स्वतः कालवण करत होता. पुळी वाढवली, मिरची बदलली, खोबरेलही बदललं. दुसरा घोट काही गोड लागेना.

"उलहन्नानचेट्टा, माझ्या माडीला नावं ठेवू नका हां," माडी काढणारा वासवन एकदा वैतागला. "झाड तेच, मीही तोच. बिघडलंय ते तुमच्या मडक्यात."

"अरे, पण काय बिघडलंय? तेच तर कळत नाही!"

"मी काय तुमच्या घरी जेवायला होतो? ज्याने खाल्लंय त्याला विचारा."

खाल्लेला एकच जण उरला होता, मुलगा जोबिन, मेलबर्नला. लहानपणी पहिल्या घासालाच ओरडायचा, "अम्मच्ची, आज पुळी कमी!" जीभ म्हणजे काय होती पोराची! अम्मच्चीच्या मातीला आला होता, त्यानंतर आता येणार होता. उलहन्नानने ठरवूनच टाकलं, पोरगा चाखेल, काय राहिलंय ते सांगेल, आणि एकदा तरी ती चव पुन्हा तोंडात येईल. आपण मरायला मोकळे.

जोबिन आला तो दुपारपुरता. राहायला आलप्पुळात हॉटेल घेतलं होतं. पिशवीतून त्याने बाटली काढली.

"तिखट कालवणाबरोबर ही गोडसर पांढरी वाइन घ्यायची, अप्पच्चा. तिकडे सगळे हेच सांगतात. माडी नको, पोट बिघडतं माझं."

उलहन्नानने हा अपमानही गिळला. साबुकंद वाढला, वर कालवण ओतलं आणि पोराच्या तोंडाकडे बघत बसला.

जोबिनने घास घेतला. थांबला. डोळे भरून आले त्याचे.

"हेच! अप्पच्चा, अगदी अम्मच्चीचंच आहे हे!"

"नीट बघ रे. पुळी कमी आहे का? काहीतरी राहिलंय..."

"छे! काही राहिलेलं नाही. तीच वाढतेय असं वाटलं मला."

उलहन्नानने माडीचा घोट घेतला, घास घेतला, पुन्हा घोट घेतला. गोड नव्हता. 'गाढवा, विसरलास!' असं अगदी ओठांवर आलं त्याच्या. पण पोरगा बाहीने डोळे पुसत दुसऱ्यांदा वाढून घेत होता. त्याला काय म्हणणार! घरात माणूस समोर बसलेला असूनही, कुंजन्ना गेली त्या दिवशी वाटलं नव्हतं इतकं एकटं वाटलं त्याला. ती चव आता एकट्या त्याच्या जिभेवर उरली होती, आणि जीभ एकाहत्तर वर्षांची.

जेवण झाल्यावर जोबिनने फोन पुढे धरला. "कसं करायचं ते सांगा, अप्पच्चा. रेकॉर्ड करून घेतो. माझ्या पोरींना कळू दे, आजीचं कालवण कसं होतं ते."

उलहन्नानने सांगितलं. मासा किती, मिरची किती, पुळीच्या फोडी किती, मडकं कधी उतरवायचं, सगळं सावकाश, एकेक करून.

"बस? आणखी काही घालायची का ती?"

उलहन्नानने मडक्यावर झाकण ठेवलं.

"नाही," तो म्हणाला. "एवढंच घालायची."