कोळशाचं कलम

दवाखान्यातून बाबांची पिशवी मिळाली. वरच्या यादीत चष्मा, स्वेटर आणि कार्बन फायबरचा कृत्रिम पाय. ती उघडायचा मला धीर होईना. "जिन्यात पायच फाटला, तोल गेला," असं शेजारचे काका म्हणाले होते. आणि तो पाय मी केला होता.

बाबांचा पाय अपघातात गुडघ्याखाली गेलेला. त्यांच्या जुन्या कृत्रिम पायातले कार्बनचे थर सुटायला लागले होते, चालताना तो कुरकुरायचा. कार्बनचा तंतू पोलादाला भारी, पण अंगाने इतका गुळगुळीत, की थर चिकटवणारं रेझिन त्याला धड धरत नाही. प्रयोगशाळेत माझं काम तेच. तंतू आम्लात बुडवून खरबरीत करायचा आणि त्याच्या अंगावर पॉलिमरच्या रेणूंच्या लांब साखळ्या उगवायच्या, मग रेझिन त्यांना घट्ट बिलगतं.

"गुलाबाचं कलम ऐकलं होतं," बाबा हसायचे. "आमच्या शास्त्रीणबाई कोळशावर कलम करतात!"

साखळ्या धरता धरेनात. जमलं तेव्हा त्याच तंतूंचा पाय साच्यातून काढून बाबांच्या हातात ठेवला. ते किती तरी वेळ त्यावरून नुसता हात फिरवत बसले. मग रोज फोनवर माझी चौकशी, "नवा घातलाय ना?"

"घातलाय की! घोड्यासारखा पळतोय."

शेवटी पिशवी उघडली. थर वहीच्या पानांसारखे सुटले होते. टाचेजवळ कारखान्याचा पुसट शिक्का होता. हा जुना पाय होता.

माझा जीव भांड्यात पडला. हो, बाप गेला आणि माझा जीव भांड्यात पडला, खोटं कशाला बोलू? पण ते क्षणभरच.

"आई, मग नवा कुठाय?"

आईने कपाट उघडलं. सगळ्यात वरच्या कप्प्यात तो मऊ टॉवेलात गुंडाळून ठेवला होता. तळव्याच्या रबराला धुळीचा कणही नव्हता.

"कुणी आलं की काढून दाखवायचे," आई म्हणाली. "मी म्हणायची, अहो, घाला. तर म्हणे, पोरीनं रक्ताचं पाणी करून केलाय, रोजच्या जिन्यावर कशाला झिजवू? तिचा सत्कार होईल तेव्हा घालून जाईन."

रडू यायच्या आधी मला राग आला. "झिजवायलाच केला होता, बाबा!" मी त्या कपाटावर ओरडले, आणि पाय खसकन ओढून घेतला.

"हळू गं," आई घाईने म्हणाली. "ओरखडा पडेल त्याला."