किल्लेदारणीचं पोर कुणाजवळ आहे?

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी माझा जन्म झाला. मी पाळण्याची दोरी बोलतेय. आमच्या बाईनं जुन्या साडीच्या तीन पट्ट्या फाडल्या, त्यांची वेणी घातली, एक टोक पाळण्याला बांधलं आणि दुसरं स्वतःच्या पायाच्या अंगठ्याला. हात मोकळे झाले. त्या मोकळ्या हातांनी तिनं तिथल्या तिथे कादंबरी सुरू केली.

कादंबरी शेकडो वर्षांपूर्वीच्या एका किल्लेदारणीची. नवरा मोहिमेवर, गडाला शत्रूचा वेढा आणि बायको घोड्यावर. बाईनं वाचलेल्या असल्या पुस्तकांत बायका एक तर खिडकीत उभ्या राहून चंद्र बघायच्या, नाहीतर तलवार उपसायच्या. मधलं काही नाही. त्यांचं दूध कधी उतू गेलं नाही की लंगोट वाळायचे राहिले नाहीत.

दुसऱ्या प्रकरणात किल्लेदारणीला मुलगी झाली, नगारे वाजले. तिसऱ्यात तिनं चोरदरवाजा उघडून घोडा उधळला. तेवढ्यात पाळण्यातल्या ठमीनं, बाईच्या तान्ह्या लेकीनं, पाय झाडले. मला हिसका बसला, माझ्यामुळे अंगठ्याला.

बाईचा हात थांबला. "हिचं पोर कुणाजवळ आहे?" ती स्वतःशीच म्हणाली.

मागची पानं चाळली. जन्मल्यापासून त्या पोरीला कुणी उचललंच नव्हतं. नगारेवालेसुद्धा आपापल्या घरी गेले होते. बाईनं सगळं घोडदळ अर्ध्या वाटेवरून माघारी बोलावलं आणि किल्लेदारणीला आधी पाजायला बसवलं.

जेवताना ठमीचे बाबा हसले. शत्रू तोवर थांबेल होय, म्हणाले. बाई म्हणाली, त्यांच्याही घरी पोरं असतीलच की. सासूबाईंनी किल्लेदारणीला दाई ठेवायला सुचवलं, मोठ्या घरची बाई आहे म्हणून. दाई आली. मग दाईच्या पोराची काळजी लागली, त्याच्यासाठी दाईची सासू आणावी लागली. बघता बघता गडावर शिपायांपेक्षा पाळणे जास्त झाले.

पुस्तकावर आपलं नाव बघायची बाईला फार हौस. ठमीचं नाव ठरायच्या आधी कादंबरीचं ठरलं होतं. म्हणून प्रकाशक घरी आले तेव्हा, पाळणा हलवत लिहिते हे त्यांना कळू नये यासाठी, तिनं मला पदराखाली झाकलं. कादंबरी त्यांना पसंत होती, फक्त पोर नको होतं. वाचकाला तलवार लागते, म्हणाले.

"काढवत नसेल तर पाठीला बांधा. मुखपृष्ठावर छान दिसेल."

मला वाटलं, आता ही हो म्हणणार. अंगठ्यानं मला घट्ट आवळून धरलं होतं.

"तिनं अजून मान धरलेली नाही," बाई हळूच म्हणाली. "घोडा दौडायला लागल्यावर मान कोण सांभाळणार?"

"अहो, गोष्टीतलं पोर आहे ते."

"म्हणून तिची मान मोडायची का?"

प्रकाशक अर्धा चहा ठेवून उठले. सासूबाई दारातून म्हणाल्या, मान धरायला लागतात तीन-चार महिने, वेढा का तेवढा टिकत नाही? बाईनं ते लिहूनच टाकलं. शत्रू गडाखाली बसून राहिला आणि गडावर लंगोट वाळत राहिले.

आता ठमी बसायला लागलीय. पाळणा माळ्यावर गेला. मला वाटलं, आपलं आता फडकं होणार. पण बाईनं मला कादंबरीच्या गठ्ठ्याला बांधलं. बाळाला टोपडं घालावं तशी वरून प्लास्टिकची पिशवी चढवली आणि गाठ पुन्हा पुन्हा चाचपून पाहिली. आम्ही दुसऱ्या प्रकाशकाकडे निघालोय.

तुमच्या ओळखीत कुणी जुन्या काळच्या बायकांवर लिहीत असेल, तर माझा निरोप द्या. बाईला घोड्यावर जरूर बसवा. फक्त आधी पोर कुणाजवळ दिलंय, ते लिहा. आणि हा गठ्ठा ज्यांच्या टेबलावर पोचेल, त्यांनाही कुणीतरी सांगून ठेवा: गाठ हळू सोडा, आत मूल झोपलंय.